रोजची दहा नावं

डमडम, १४ जून २०२५

प्रिय सिस्टर एमिलिया,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही "काय? काय?" करत राहिलात आणि मी ओरडत राहिले. शेवटी शेजारच्या बोसकाकू दार वाजवून विचारून गेल्या, घरात भांडण झालंय का म्हणून! सलील म्हणाला, नवऱ्याची अब्रू घालवू नकोस, पत्र लिही. म्हणून हे पत्र. तुमचे कान कामातून गेले असले तरी डोळे शाबूत आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. हॉस्टेलच्या जेवणघरात कोणी भाजी टाकली हे तुम्हाला पाठमोऱ्या उभ्या असताना दिसायचं.

३१ मेला तुम्ही तिघी गेलात. तुमच्या संस्थेत आता नव्या सिस्टर येत नाहीत, आहेत त्या थकल्या, म्हणून घर बंद करायचं, हे सगळं समजतं हो. पण त्या इमारतीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकही सिस्टर नाही, हे पचत नाही. सकाळी साडेसहाची घंटा वाजत नाही. शोभा सिस्टरांच्या कढीपत्त्याच्या कुंड्यांना पाणी मी घालते. वीस वर्षं अख्ख्या कॉलेजात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच, वसईच्या तुम्ही आणि कऱ्हाडची मी. आता मी बॉटनीच्या लॅबमध्ये झाडांशी मराठीत बोलते आणि मुली एकमेकींकडे बघतात.

हॉस्टेल सध्या माझ्याकडे दिलंय. कायमचं घेणार का, ते मी ऑगस्टअखेर सांगायचंय. खरं सांगू? मी अजून हो म्हटलेलं नाही. वर्गात शिकवून घरी जाणं वेगळं आणि पोरींच्या जेवणाखाण्यात, रडण्यापडण्यात राहणं वेगळं. तुम्ही तिथेच झोपत होता, तिथेच उठत होता. मी डमडमहून मेट्रोनं येणार आणि संध्याकाळी परत जाणार. असं हॉस्टेल चालतं का?

पण पहिलं अवघड काम मात्र निभावलं. वरच्या मजल्याचं छत गळतंय, इंजिनियरनं खोल्या बंद करायला लावल्या. साठ मुलींच्या जागी पंचेचाळीस. कोणाला नाही म्हणायचं? माझा जीव टांगणीला. आणि देवासारखी सापडली तुमच्या ऑफिसच्या खणातली ती तपकिरी वही! प्रत्येक पानावर तारीख, खाली दहा नावं, आणि रेघ मारून त्याखाली पुन्हा दोन-चार नावं. तीच तीच नावं, दिवसेंदिवस. म्हटलं, सिस्टर गेटवर इतक्या कडक का होत्या ते आता कळलं. उशिरा येणाऱ्यांची नोंद, आणि वारंवार चुकणाऱ्यांची वेगळी! प्रत्येक पानाच्या तळाशी माझंही नाव आहे. मी शिस्त समितीवर होते, म्हणजे मला कळवायचं असं ना? कधी कळवलं नाहीत, तुमचा स्वभाव मऊ.

मग ज्यांची नावं रेघेखाली फार वेळा होती त्यांना जागा नाकारली. बहुतेक जणी बराकपूर, नैहाटीच्या, लोकलनं येऊ शकतील. एक मात्र लांबची आहे. पूर्णिमा मुर्मू, झारग्रामच्या पलीकडची, आता दुसऱ्या वर्षाला गेलेली. तिचं नाव रेघेखाली त्रेचाळीस वेळा! इतकी गरीब दिसणारी मुलगी, पण वही खोटं बोलेल का? पत्रं छापून पाठवली सुद्धा.

तुमच्या वहीनं माझी लाज राखली. हजारीबागची हवा कशी आहे? दूध घेता का?

तुमची,
विनीता


हजारीबाग, २४ जून २०२५

प्रिय विनीता,
प्रभूची शांती तुझ्या घरात राहो, बोसकाकूंच्याही.

हवा चांगली आहे. दूध घेते. आम्ही इथे अकरा म्हाताऱ्या, त्यात मी तरुण, अठ्ठ्याहत्तरची. शोभा सिस्टरनं स्वयंपाकघर दोन दिवसांत ताब्यात घेतलं आणि इथल्या स्वयंपाक्याशी तिसऱ्या दिवशी भांडली. हे झालं कुशल. आता बस खाली आणि नीट वाच.

ती उशिराची वही नाही.

आमच्यात एक रीत होती. मी त्या घरात आले तेव्हा आम्ही सव्वीस जणी होतो आणि तेव्हाही ती जुनी होती. सकाळी मिस्साची प्रार्थना झाली की न्याहारीच्या टेबलावर, पावाला हात लावण्याआधी, एका सिस्टरनं दहा नावं मोठ्यानं वाचायची. कॉलेजच्या हजेरीपटातली, ओळीनं. हॉस्टेलच्या, घरून येणाऱ्या, सगळ्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, काही न मानणाऱ्या, सगळ्या. दहा नावं वाचायची, क्षणभर गप्प बसायचं आणि त्या पोरींना देवाच्या हाती द्यायचं. पट संपला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या कॉलेजात शिकलेली एकही मुलगी अशी नाही जिचं नाव त्या टेबलावर घेतलं गेलं नाही. आणि एकीलाही हे माहीत नाही. सांगायचं नाही, हीही रीतच.

रेघेखालची नावं ज्यांना त्या दिवशी जास्त गरज होती त्यांची. आजारी, घरी कोणी गेलेलं, न जेवणारी, न बोलणारी. ती बरी होईपर्यंत रोज.

पूर्णिमाचे वडील गेल्या ऑगस्टमध्ये गेले. घरी आई आणि दोन लहान भावंडं. पोरगी महिनाभर जेवली नाही धड. त्रेचाळीस दिवस, विनीता, त्रेचाळीस वेळा उशीर नाही! तिनं एकदाही गेट चुकवलं नाही. आम्ही जिला सगळ्यात जास्त धरून ठेवलं तिलाच तू आमच्या वहीच्या आधारानं बाहेर काढलंस.

रागावले आहे. तुझ्यावर थोडी, माझ्यावर जास्त. वही तिथे राहिली ती माझ्यामुळे.

पत्र मिळताच जे करायचं ते कर.

एमिलिया


डमडम, ३० जून २०२५

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र लॅबमध्ये वाचलं. दार लावून घेतलं आणि टेबलाशी उभी राहून रडले. शिपाई जयप्रकाश काचेतून बघत होता, बघू दे.

बाकीच्या मुलींना आजच फोन केले, माफी मागितली. त्यांची सोय लागते आहे. दोघीतिघी म्हणाल्या, घरूनच येऊ, आता पास काढलाय. पण पूर्णिमाचा फोन बंद. हॉस्टेलच्या मुली म्हणाल्या, पत्र मिळालं त्याच दिवशी ट्रंक घेऊन गेली. कोणाला काही विचारलं नाही, कोणाकडे तक्रार केली नाही. एकीला आपली कोशिंबिरीची सुरी दिली आणि गेली.

मला सांगा, मी काय माणूस आहे? वीस वर्षं तुमच्याशेजारी काम केलं. नावांची यादी दिसली की मला गुन्हाच दिसावा?

शनिवारी झारग्रामला जाते. सलील म्हणतोय मीही येतो. त्याचं बंगाली भाजी घेण्यापुरतं आहे, पण येऊ दे.

विनीता


डमडम, ७ जुलै २०२५

प्रिय सिस्टर,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, राहवत नाही.

शनिवारी सकाळी हावड्याहून निघालो. झारग्रामला उतरून बस, मग टोटो, म्हणजे इथली बॅटरीवरची रिक्षा, मग चालत. सालाच्या झाडांतून वाट. मी बॉटनीची बाई, एरवी पानं तोडून वासबीस घेतले असते. त्या दिवशी एका झाडाकडे मान वळवली नाही. मनात एकच, ती म्हणाली "नाही येत", तर?

घर मातीचं, लखलखीत सारवलेलं. पूर्णिमा अंगणात धान वाळवत होती. मला बघून पटकन हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. सिस्टर, तो नमस्कार मला झेपला नाही. मी सरळ म्हटलं, "पूर्णिमा, माझं चुकलं. मी माफी मागायला आले आहे." तिच्या आईला काहीच कळेना. कॉलेजची मॅडम एवढ्या लांब येते म्हणजे मुलीनं काहीतरी मोठा घोटाळा केला असणार, असं वाटून ती माउली रडायलाच लागली. सलीलनं आपल्या बंगालीत तिची समजूत काढायचा प्रयत्न केला, त्यानं ती आणखी घाबरली.

चहा झाला. मी विचारलं, "पत्र आलं तेव्हा मला येऊन विचारलं का नाहीस?"

म्हणाली, "वाटलं, सिस्टर गेल्या, त्यांच्याबरोबर आमची जागाही गेली."

झारग्रामच्या एका कापडदुकानात कामाचं बोलणं झालं होतं तिचं. पंधरा जुलैपासून.

मग मी वही काढली. न सांगण्याची रीत आहे, ठाऊक होतं. पण जिला मी त्या वहीनं घालवलं तिला ती न दाखवता परत बोलवायचं कसं? मोडली तुमची रीत. रागवायचं तर रागवा. सगळं सांगितलं, न्याहारीचं टेबल, दहा नावं, रेघ. तिला शाळेत हिंदी होतं तीन वर्षं, स्वतःचं नाव वाचता आलं. बोट ठेवून मागं मागं जात राहिली आणि विचारलं, "पहिल्यांदा कधी आहे?"

मी दाखवलं. नऊ ऑगस्ट.

तिचं बोट त्या तारखेवरच राहिलं. मग म्हणाली, "आठ तारखेला दुपारी काकांचा फोन आला होता. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मॅडम. कोणालाच नाही. जेवायला बसले आणि तशीच उठले. शोभा सिस्टर ताटं गोळा करत होत्या. माझं ताट बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला."

म्हणजे बापाच्या मरणाची बातमी त्या घरात एका भरल्या ताटावरून वाचली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन म्हाताऱ्या बायकांनी तिचं नाव घेतलं. तिनं उच्चारण्याआधीच! सिस्टर, इतकी वर्षं मला वाटायचं की तुमचं काम म्हणजे हिशेब, टाइमटेबल, गेट, घंटा. तुमचं काम हे होतं. तिथं असणं. वर्गातून मला मुलींची उत्तरं दिसायची, तुम्हाला त्यांची ताटं दिसायची.

ती म्हणाली, "माझी जागा तर दुसऱ्या मुलीला दिलीत ना?" दिली होती. मी म्हटलं, "सिस्टर एमिलियांची खोली रिकामी आहे." ती तुमची खोली वॉर्डनचं ऑफिस म्हणून माझ्यासाठी ठेवलेली. मला नको ऑफिस. जेवणघराबाहेरच्या व्हरांड्यात टेबल टाकलं की झालं. तिथून ताटंही दिसतात आणि गेटही.

काल दुपारी पूर्णिमा आली. त्याच ट्रंकेसकट. तुमच्या कॉटवर बसून म्हणाली, "खिडकी उघडत नाही."

आता एक विचारते. नावं वाचणं थांबलंय, ३१ मेपासून. मी वाचू का? मी तुमच्यातली नाही. माझ्या घरी गणपती बसतो, संकष्टीला मोदक होतात. मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत. चालेल का?

विनीता


हजारीबाग, १७ जुलै २०२५

प्रिय विनीता,

खिडकीच्या डाव्या बाजूला खाली लाथ मारायची. मी एकोणीस वर्षं मारली. पूर्णिमाला सांग, लाजायचं नाही.

तुझं पत्र शोभा सिस्टरला वाचून दाखवलं, बंगालीत करून. ताटाचा मजकूर आला तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. मग परत येऊन म्हणाली, "त्या दिवशी वांगी होती. तिला वांगी आवडत. म्हणून कळलं." मला तर तेवढंही आठवत नव्हतं.

रीत मोडलीस त्याबद्दल रागावू का? न सांगण्याची रीत आम्ही ठेवली ती आम्हाला मिरवायची सवय लागू नये म्हणून. तू तर माफी मागताना सांगितलंस. त्यात मिरवणं कुठे आलं?

चालेल का म्हणून विचारतेस. विनीता, सगळी हयात गणित शिकवलं म्हणून विचारते, नावं वाचायला काय काय लागतं? वही लागते, डोळे लागतात आणि दहा जणींना दोन मिनिटं आपल्यापेक्षा मोठं मानणं लागतं. प्रार्थना येत नसेल तर गप्प बस. आम्हीही गप्पच बसायचो. माझ्या देवाला तुझा गणपती शेजारी बसलेला चालेल, त्याची काळजी तू करू नकोस.

तुम्ही तिथे झोपत होता, मी डमडमला जाणार, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. आम्ही जन्मभराची शपथ घेऊन तिथे राहिलो, ते खरं. आमचा संसार तोच होता. तुझा संसार वेगळा आहे, तो सोडून ये असं कोणी म्हणणार नाही. पण एकटीनं करू नकोस. आम्ही ते कधीच एकटीनं केलं नाही, सव्वीस होतो तेव्हाही आणि तीन होतो तेव्हाही. एक थकली की दुसरी वाचायची. रुसलेल्या दोघी एकमेकींशी बोलत नसल्या तरी नावं ऐकायला एकाच टेबलावर बसायच्या. मी आणि शोभा १९९८ साली पाच महिने बोलत नव्हतो, सांगितलं का कधी? कारण मात्र सांगणार नाही.

तर माणसं जमव.

एमिलिया


डमडम, ६ ऑगस्ट २०२५

प्रिय सिस्टर,

जमली माणसं! स्वयंपाकाच्या मंजुषादी, जयप्रकाश, इतिहासाच्या मृणाल आणि मी. मृणाल देव मानत नाही. म्हणाली, "देवाचं तुझं तू बघ, मी मुलींसाठी बसते." सकाळी पावणेआठला जेवणघराच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, मुली यायच्या आधी. मी आठवड्यातून चार दिवस पोचते, बाकीचे दिवस मंजुषादी वाचतात. पहिल्या दिवशी मीच वाचलं. दहा नावं वाचायला किती वेळ लागतो? मला वर्षभर लागलं असं वाटलं.

आणि गंमत अशी की नावं नुसती वाचून भागत नाही. वाचलं की मागून ती मुलगी दिसायलाच लागते. जयप्रकाशनं परवा स्वतःहून येऊन सांगितलं, "मॅडम, पहिल्या वर्षाची ती चष्मेवाली गेटशी उगाच उभी असते, तिला लिहा." वीस वर्षं त्या माणसानं मला गुड मॉर्निंगखेरीज काही म्हटलं नव्हतं.

नवी वही पूर्णिमा लिहिते, बंगालीत. नावं उतरवायची म्हणून तुमची वही तिच्याकडे दिली होती. काल व्हरांड्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? माझं नाव रेघेखाली त्रेचाळीस दिवस आहे. तुमचं तर रोजच आहे. सगळ्यात खाली, एकही पान सुटलेलं नाही. तुम्हाला काय झालं होतं?"

मी वेडी! शिस्त समिती, मला कळवायचं, असं जे पहिल्या दिवशी ठरवलं ते मनातून पुसलंच नव्हतं. त्या वहीत कोणाला कळवण्याचा प्रश्नच नव्हता, हे तुमचं पत्र वाचूनही डोक्यात शिरलं नाही. पान उलटत मागे गेले. २ फेब्रुवारी २०२४. पहिलं पान. तिथून शेवटपर्यंत.

काल रात्रभर आठवत बसले होते. सलील ठणठणीत होता. आमचा मुलगा क्षितिज बारावीला होता, पण पास झाला की हो. आई तर त्याआधीच गेली होती. मला काहीच झालेलं नव्हतं, सिस्टर. मग मला कशाची गरज होती? मला न दिसलेलं तुम्हाला काय दिसलं?

घाबरले आहे. लवकर लिहा.

विनीता


हजारीबाग, १५ ऑगस्ट २०२५

प्रिय विनीता,

घाबरू नकोस. आज आमच्या पवित्र मातेचा सण, शोभानं खीर केली आहे, तिचा वाडगा शेजारी ठेवून लिहिते.

तुला काही झालं नव्हतं. आम्हाला झालं होतं. २ फेब्रुवारीला सकाळी वरिष्ठ सिस्टरचं पत्र आलं, सव्वा वर्षानं घर बंद करायचं म्हणून. कोणाला सांगायचं नव्हतं. आम्ही तिघी न्याहारीच्या टेबलावर बसलो होतो. पाव तसाच. मी म्हटलं, आपण गेल्यावर पोरींचं कोण? मग शोभा म्हणाली, "विनीता."

मी विचारलं, का? म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबलं होतं, तेव्हा शेवटची पोरगी जाईपर्यंत ती गेटवर छत्री घेऊन उभी होती. स्वतःची मेट्रो चुकवून. तिला कोणी सांगितलं नव्हतं."

त्या दिवसापासून तुझं नाव रेघेखाली. तू हो म्हणावंस म्हणून नव्हे. तुझ्यावर काय येणार आहे ते आम्हाला ठाऊक होतं आणि तुला नव्हतं, म्हणून.

आता माझा कबुलीजबाब. त्याआधीच्या सगळ्या वह्या इंग्रजीत आहेत, खालच्या कपाटात बघ. ही एकच मराठीत आहे. मुद्दाम. आणि वही राहिली असं मी मोघम लिहिलं होतं, ती मी ठेवली होती. वाटलं, विनीताच्या हाती पडेल, ती वाचेल, तिला कळेल. आमच्या टेबलावर बसल्याखेरीज ते कळण्यासारखं नाही, हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. तुला यादीत गुन्हा दिसला, कारण इतकी वर्षं आम्ही बाहेर फक्त गेट आणि घंटा दाखवली आणि हे आत दडवून ठेवलं. आमची विनयशीलता म्हणता म्हणता एका पोरीच्या जिवावर उठली होती. त्याची माफी मी पूर्णिमाकडे मागते. तिला हे वाचून दाखव.

ऑगस्ट संपत आला. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही.

एमिलिया


डमडम, २५ ऑगस्ट २०२५

प्रिय सिस्टर,

आज होकाराच्या कागदावर सही केली. सलील म्हणाला, "मला जुलैपासूनच ठाऊक होतं, तू तेव्हापासून घरात माझं ताट तपासतेस."

तुमचं पत्र पूर्णिमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सिस्टरना सांगा, खिडकी उघडते.

आज वाचायची पाळी तिची होती. मुलींपैकी ती एकटीच त्या टेबलावर बसते, सगळं ठाऊक असलेली. दहा नावं वाचली, रेघेखालची तीन वाचली, त्यात जयप्रकाशची चष्मेवालीही होती. मग सगळ्यात खाली आली आणि माझं नाव वाचलं. नव्या वहीत ते कालपर्यंत नव्हतं, आज तिनंच उतरवलंय, मला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "अगं, आता ते काढ. मी हो म्हटलंय. सही केलीये."

तर म्हणते, "मॅडम, हो म्हटलंत म्हणून तर आता जास्त लागेल."

आणि पेन उघडून माझ्या नावाखाली तुम्हा तिघींची नावं लिहिली.

विनीता